सेन्सर लावला, तरी बेडसोर झालाच? या चुका टाळा

बेडसोर म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने, सतत दाब पडून होणारी जखम. ती टाळायला शुश्रूषा केंद्रात गादीवर दाबाची मॅट (अंगाचा दाब कुठे पडतोय ते दाखवणारी) अंथरली किंवा रुग्णाच्या छातीवर कूस बदलल्याची नोंद ठेवणारा सेन्सर चिकटवला, की सुरुवातीला सगळे स्क्रीनकडे डोळे लावून बसतात. रोज हिरवा रंग दिसू लागला, की चादर उचलून पाठ बघायची सवय सुटते. माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

छातीवरचा सेन्सर धड किती अंश वळलं एवढंच सांगतो. टाच तिथेच गादीला टेकलेली असली, तरी नोंद होते ‘कूस बदलली’. म्हणून कूस बदलल्यावर पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी आहे ना, हे हात फिरवून बघा.

आता कूस बदलायची आठवण करून देणारा अलार्म. पहाटे तो वाजतो, दमलेलं कुणीतरी रुग्णाचा खांदा जरासा उचलतं, घड्याळ शून्यावर येतं. माकडहाड मात्र होतं तिथेच. दोष त्या माणसाचा कमी आणि सेटिंगचा जास्त असतो. वळण मोजायचा किमान कोन फार लहान ठेवला, तर रुग्ण नुसता चुळबुळला तरी ‘कूस बदलली’ असं धरलं जातं. तपासायचं असेल तर स्वतः पलंगावर आडवे व्हा, पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलून पाहा आणि स्क्रीन काय म्हणते ते बघा. नव्या कुशीवर किती वेळ राहिल्यावर नोंद धरायची, हे ठरवता येत असेल तर तेही ठरवा.

सरसकट सगळ्यांना दोन तासांचा अलार्म लावला, तर स्वतःहून वळणाऱ्यांचेही अलार्म वाजत राहतात आणि शेवटी कुणाचाच ऐकू येईनासा होतो. म्हणून कुणाला किती धोका आहे, ते आधी बघा. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मापनात 6 ते 23 गुण असतात. 18 किंवा कमी म्हणजे धोका. पण एकूण गुणांवर थांबू नका, हालचाल आणि ओलावा यांचे गुण वेगळे वाचा.

मॅटवर चादर, प्लॅस्टिक, दोन अंडरपॅड, वर घडी घातलेली आणखी एक चादर! एवढ्या थरांवर शरीर गादीत नीट रुततच नाही, दाब हाडांच्या उंचवट्यांवर एकवटतो. शक्यतो एकच पातळ चादर ठेवा. स्क्रीनवर अचानक लाल ठिपका आला, तर आधी सुरकुती, नळी किंवा अंगाखाली राहिलेली वस्तू शोधा. हवा आलटून-पालटून भरणाऱ्या गादीवर आकडे सतत बदलतात, तेव्हा एका क्षणाच्या चित्रावर निर्णय घेऊ नका.

दाबाच्या मॅटला त्वचेची ओढ सहसा कळत नाही. डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण खाली घसरतो; कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे सरकतं. आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा उचला, मग डोकं. जेवण आणि श्वासाची अडचण सोडली, तर 30 अंशांच्या वर फार वेळ ठेवू नका.

लालसर जागा दिसली तर बोटाने दाबा. बोट काढताच ती क्षणभरही पांढरी पडलेली दिसत नसेल, तर इजा सुरू झाली आहे. तिथे मालिश नको. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, गार, कडक किंवा दुखरी लागते का ते पाहा.

आणि खुर्ची! रुग्णाला पलंगावरून उठवलं की मॅट ‘पलंग रिकामा’ दाखवते, अलार्म गप्प होतो आणि सगळे निश्चिंत. तोच रुग्ण खुर्चीत तासन्‌तास बैठकीच्या हाडांवर बसलेला असतो, आणि तिथे पलंगापेक्षाही जास्त दाब पडतो. खुर्चीसाठी वेगळी उशी, वेगळा टायमर लावा.