अल्पाइनमध्ये ढीगभर मेल एका दमात कसे हटवावेत

अल्पाइन हा टर्मिनलमध्ये कीबोर्डवर चालणारा ईमेल प्रोग्राम. तो उघडला की बहुतेक जण 'डी' दाबत एकेक मेल काढत बसतात. त्याची गरज नसते.

यादीत असताना अर्धविराम (;) दाबा. खाली निवडीचे पर्याय येतील: तारीख, मजकूर, स्थिती वगैरे. 'टी' म्हणजे मजकूर, मग 'एफ' म्हणजे पाठवणारा. नाव टाइप करून एंटर. त्या माणसाचे सगळे मेल निवडले जातात. आता लगेच हटवू नका, सगळी यादी दिसत असेल तर आधी 'झेड' दाबा. फक्त निवडलेले मेल दिसतात, म्हणजे चुकून कामाचा मेल त्यात आलाय का ते कळतं. खात्री पटली की 'ए' आणि मग 'डी'. मेल लगेच जात नाहीत, फक्त खूण होते. 'यू'ने ती काढता येते, 'एक्स' दाबून होकार दिलात की मात्र गेले ते गेले. (न्यूजग्रुपमध्ये, म्हणजे सार्वजनिक चर्चागटात, 'एक्स' नुसतं यादीतून लपवतो.)

अर्धविराम चालतच नसेल तर सेटिंग बंद असणार. मुख्य मेनूत 'एस', मग 'सी'. ती लांबलचक यादी खाली-खाली सरकवत बसू नका. 'डब्ल्यू' दाबून 'अ‍ॅग्रिगेट' (aggregate) हा शब्द इंग्रजीत शोधा आणि 'एक्स'ने चौकटीत खूण करा. एखादा पर्याय कशासाठी आहे ते कळेना, तर त्यावर कर्सर ठेवून '?' दाबा. तिथली माहिती खरंच वाचण्याजोगी असते.

बदललेलं सगळं '.पाइनआरसी' (.pinerc) या सेटिंगच्या फाइलमध्ये साठतं. दुसऱ्या मशीनवर जाताना तीच कॉपी करून न्या.