स्ट्रोकनंतर पुन्हा माणसांत मिसळताना या चुका टाळा

स्ट्रोकमधून उठलेला माणूस घरात चालू-फिरू लागला की घरच्यांना वाटतं, आता चारचौघांत न्यायला हरकत नाही. आणि पहिला बेत ठरतो तो एखाद्या लग्नाचा. शे-दीडशे माणसं, लाउडस्पीकर, तीन तासांचं बसणं, आणि भेटणारा प्रत्येक जण ‘ओळखलंत का मला?’ म्हणणारा. तासाभरात माणूस गळून जातो नाहीतर चिडतो, आणि घरी आल्यावर ‘मला पुन्हा कुठे नेऊ नका’ म्हणतो. इथे जिद्द कमी पडलेली नसते, बेत चुकलेला असतो.

सुरुवात एका माणसापासून करा. जवळचा एकच मित्र, स्वतःच्या घरी, अर्धा तास, आणि अंगात तरतरी असते त्या वेळी. हे दोन-तीनदा नीट पार पडलं की मित्राच्या घरी जा, मग तिघा-चौघांत बसा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. माणसं वाढवली तर वेळ तेवढाच ठेवा. जागा नवी असेल तर माणसं जुनीच असू द्या. म्हणजे बिघडलंच तर कशाने बिघडलं ते कळतं.

दमल्यावर निघणं

स्ट्रोकनंतरचा थकवा रात्रभर झोपून जाईलच असं नाही. हातपाय जवळपास पूर्ववत झालेल्यांनाही तो गाठतो, म्हणून बाहेरच्यांना तो आळस वाटतो. दम संपल्यावर निघालं तर पुढचे एक-दोन दिवस वाया जाऊ शकतात. निघायची वेळ घरूनच ठरवून जा आणि सोबतच्याने ती पाळावी, गप्पा कितीही रंगात आल्या तरी. त्या दिवशी व्यायाम हलका ठेवा, जाण्याआधी तासभर आडवं व्हा आणि दुसरी सकाळ मोकळी ठेवा.

त्याच्या वतीने बोलणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो: शब्द अडतात, भलतेच येतात, काहींना ऐकलेलं समजायलाही वेळ लागतो. बुद्धी आणि मतं मात्र जागेवर असतात. तरी लोक वाक्य स्वतःच पुरं करतात, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात, किंवा थेट सोबतच्यालाच विचारतात, ‘यांना पाणी हवंय का?’

टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकानेच बोला. छोटं वाक्य बोलून मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ही शांतता अवघड वाटते, पण शब्द बहुतेकदा त्यातच सापडतो. अडलंच तर हो-नाहीचे प्रश्न विचारत मोठ्याकडून लहानाकडे या: ‘माणसाबद्दल बोलताय? घरातल्या? मग ऑफिसातल्या?’ कागदावर दोन-तीन शब्द लिहून बोट ठेवायला सांगा. काहींच्या तोंडून ‘हो’च्या जागी ‘नाही’ जातं, म्हणून अंगठा वर-खाली करून खात्री करून घ्या. आणि कळलं नसेल तर कळल्यासारखी मान डोलावू नका. समोरच्याला ते लगेच ओळखू येतं.

साध्या फोनवर चेहरा आणि खुणा दिसत नाहीत, त्यामुळे तो समोरासमोरच्या बोलण्याहून कठीण जातो. व्हिडिओ कॉल बरा. अनोळखी ठिकाणी जाताना खिशात एक कार्ड असू द्या: ‘मला स्ट्रोक झाला होता. बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा.’

मिळेल तिथे बसवणं

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल तर काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. डावीकडून हाक मारणाऱ्याला उत्तर मिळत नाही आणि तो रुसून बसतो. घरी थेरपिस्ट त्याच बाजूने बोलायचा सराव देतील; कार्यक्रमात मात्र ती बाजू भिंतीकडे ठेवा, माणसं दुसऱ्या बाजूला येऊ द्या. खुर्ची हातांची आणि घट्ट बैठकीची हवी. मऊ सोफ्यात गुडघे कंबरेच्या वर जातात आणि उठताच येत नाही. जागा स्पीकरपासून लांब आणि स्वच्छतागृहाच्या जवळ बघा. उठवायला धावणारे हौशी मदतनीस कमजोर हात किंवा काख धरून ओढतात. त्याने खांद्याचा सांधा सरकू शकतो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

चालताना काठी चांगल्या हातात, सोबती कमजोर बाजूला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

जेवणाचा आग्रह

गिळायला त्रास असेल तर घास तोंडात असताना गप्पा नकोत. ताठ बसावं, घास लहान असावा. पाणी प्यायल्यावर ठसका लागला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर तिथेच थांबा आणि नंतर स्पीच थेरपिस्टना दाखवा. सोपा उपाय म्हणजे घरी जेवून निघायचं आणि तिथे फक्त भेटायचं.

रडू आलं म्हणून घाबरणं

कारण नसताना रडू किंवा हसू फुटणं हा मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत ओसरतो. गोळा होऊन समजूत घालू नका. विषय बदला, हळू श्वास घ्यायला सांगा. उदासी दोन आठवडे टिकली, कशातच रस उरला नाही तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

‘तुम्ही फक्त बसा’

जुन्या मंडळात परतलेल्याला पाहुणा केलं की तो चार-पाच भेटींत यायचा बंद होतो. छोटं पण खरं काम द्या: हजेरी, वेळ पाहणं, पुस्तकं लावणं. हिशेब किंवा दहा जणांशी समन्वय सुरुवातीला नको. एकाच वेळी अनेक धागे धरणं उशिरा जमतं.

आणि कार्यक्रमात तोंड अचानक एका बाजूला ओढलं गेलं, हात गळाला, बोलणं नव्याने अडखळू लागलं, तर ‘दमलेत’ म्हणून झोपवून ठेवू नका. वेळ नोंदवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.