परफॉर्मन्स कारसाठी इंजिन ऑइलचा योग्य ग्रेड कसा निवडावा

जोरात पळणाऱ्या गाडीला जाड तेलच हवं, हा समज फार चिवट आहे. तो सगळाच खोटा नाही. पण किती जाड, हे अश्वशक्तीवर ठरत नाही, तेल प्रत्यक्षात किती तापतं यावर ठरतं. निस्सान जीटी-आरला (आर३५) कंपनी ०डब्ल्यू-४० सांगते, तर बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ १०डब्ल्यू-६० मागते (हे आकडे म्हणजे तेलाचे ग्रेड, त्यांचा अर्थ पायरी २ मध्ये). दोन्ही गाड्या वेगवान, गरजा वेगळ्या. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीत काय घातलंय ते विचारण्याआधी पुढच्या क्रमाने जा.

पायरी १ : मॅन्युअल पूर्ण वाचा

बहुतेक जण ग्रेडची ओळ वाचतात आणि पुस्तक मिटतात. तेलाच्या पानांवर आणखी दोन गोष्टी असतात : बाहेरच्या तापमानानुसार चालणारे पर्यायी ग्रेड आणि कंपनीच्या मंजुरीचा सांकेतिक क्रमांक. ट्रॅकवर गाडी नेण्याबद्दलचं प्रकरण असेल तर तेही शोधा. शेवरोले कॉर्व्हेट सी७ला रोजच्या वापरासाठी ५डब्ल्यू-३० होतं, ट्रॅकसाठी मात्र मॅन्युअलच १५डब्ल्यू-५० भरायला सांगत होतं. २०१२च्या फोर्ड मस्टँग जीटीच्या ५ लिटर व्ही८ला ५डब्ल्यू-२० आणि त्याच घराण्याचं इंजिन असलेल्या बॉस ३०२ला ५डब्ल्यू-५०. वापर बदलला की तेल बदलतं, हे खुद्द उत्पादकच सांगतात.

पातळ ग्रेड फक्त इंधन वाचवण्यासाठी दिलेले असतात, असं ठामपणे सांगणारे भेटतील. इंधनबचत हे कारण आहेच. पण बेअरिंगमधली फट, ऑइल पंप आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा हे सगळं त्याच तेलाला धरून आखलेलं असतं, हे ते सांगत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर मॅन्युअलने दिलेल्या पर्यायांबाहेर जाऊ नका.

पायरी २ : डब्यावरचे आकडे समजून घ्या

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला, १०डब्ल्यूची उणे २५ला. पारा शून्याखाली जातच नसेल, तर ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. तेलाचा दाटपणा ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकानुसार १०० अंशांवर २० ग्रेडचं तेल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक, आकडा मोठा तितकं तेल घट्ट), ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावं लागतं. एकाचं १२.२चं ‘३०’ आणि दुसऱ्याचं १२.८चं ‘४०’ हे जवळजवळ सारखंच तेल, लेबलं तेवढी वेगळी. म्हणून डब्यावर थांबू नका, उत्पादकाचं माहितीपत्रक उघडून खरा आकडा पाहा.

पायरी ३ : तेलाचं तापमान मोजा

कूलंटचा काटा इथे उपयोगाचा नाही. थर्मोस्टॅट कूलंटला जागेवर धरून ठेवतो, तेलाला असा लगाम नसतो. डॅशबोर्डवर ऑइल टेम्परेचर दिसत असेल तर उत्तम, नाहीतर ओबीडी रीडरमधून (गाडीच्या संगणकाला जोडायचं वाचकयंत्र) मिळतं का ते बघा. तेही नसेल तर ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनामध्ये बसणारी चकती) टाकून सेन्सर बसवून घेता येतो. गरम दिवशी, तुम्ही गाडी जितकी पिळता तितकी पिळून झाल्यावर सर्वांत वरचा आकडा टिपा.

रस्त्यावर साधारण ९० ते ११० अंश दिसतील. ट्रॅकवर १२०–१३० सहज होतात. १४०च्या दिशेने जात असेल तर ग्रेडचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ऑइल कूलर बसवा. तापलेल्या तेलावर जाड तेल हा उपाय तिथे अपुरा पडतो, कारण जाड तेल घर्षणाने स्वतःही जास्त तापतं.

पायरी ४ : हिशोब मांडा

१०० अंशांवर ११ सेंटिस्टोक असलेलं ३० ग्रेडचं तेल घ्या. १४ सेंटिस्टोकचं नेहमीचं ५डब्ल्यू-४० तेवढंच पातळ व्हायला साधारण ११२ अंश लागतात. म्हणजे एक ग्रेड वर जाणं म्हणजे ढोबळमानाने १० ते १५ अंशांची सूट मिळवणं. मॅन्युअलमधला ग्रेड १०० अंशांच्या आसपासच्या वापराला धरून असेल आणि तुमचं तेल वारंवार ११५ गाठत असेल, तर एक ग्रेड वर जायला जागा आहे. १३०च्या आसपास राहत असेल तर दोन ग्रेडचा विचार करता येतो, तोही मॅन्युअलमध्ये तशी मुभा असेल किंवा इंजिन मोकळ्या फटी ठेवून नव्याने बांधलेलं असेल तरच. तेल १०० अंशांच्या वर जातच नसेल तर वरचा ग्रेड घालून काहीच कमावत नाही. उलट दर सकाळी थंड इंजिनात ते जास्त घट्ट. ४० अंशांवर १०डब्ल्यू-६० सुमारे १६० सेंटिस्टोक असतं, ०डब्ल्यू-२० त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

पायरी ५ : एचटीएचएस बघा

एचटीएचएस म्हणजे जास्त तापमानात आणि जास्त रगडणीत उरणारा तेलाचा दाटपणा. माझ्या मते डब्यावरच्या ग्रेडपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये होते तशा प्रचंड रगडणीत तेलाचा थर किती टिकतो, ते यातून कळतं. ३० ग्रेडला किमान २.९ (मिलिपास्कल-सेकंद) लागतो, ५डब्ल्यू-४०ला ३.५. गंमत अशी की युरोपीय वाहन उत्पादकांच्या एसीईए संघटनेचा ए३/बी४ किंवा सी३ दर्जा लिहिलेल्या ५डब्ल्यू-३०लाही किमान ३.५ पाळावाच लागतो. म्हणजे दोन डब्यांवर एकच ‘५डब्ल्यू-३०’, पण आतला माल बराच वेगळा. ग्रेड न बदलता संरक्षण वाढवायचं असेल तर ही वाट आधी तपासा. फक्त, धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाडीत ए३/बी४ न घेता कमी राखेचं सी३ घ्या आणि मंजुरीचा क्रमांक जुळतोय याची खात्री करा.

पायरी ६ : टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनसाठी

अशा इंजिनांत पेट्रोल थोडं थोडं तेलात मिसळतं आणि तेल पातळ होत जातं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ग्रेड वाढवण्याआधी तेल लवकर बदलायला लागा. कमी वेगात होणाऱ्या अकाली ज्वलनापासून पिस्टन वाचवायचे तर डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जा पाहून घ्या.

पायरी ७ : भरल्यावर दाब तपासा

इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलचा आणि वरच्या आरपीएमचा दाब सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना आडाखा नव्या, दाब स्वतः बदलणाऱ्या पंपांना लागू होत नाही. दाब वाढला म्हणजे वंगण सुधारलं असंही नाही. जाड तेल आडलं की काटा वर जातो, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल बेअरिंगऐवजी परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जातं. लांब वळणात काटा अचानक पडत असेल तर तेल पिकअपपासून (पंपाच्या तेल ओढणाऱ्या तोंडापासून) दूर सरकतंय. तिथे कोणताही ग्रेड कामाचा नाही, पातळी पूर्ण ठेवा आणि सम्पमध्ये बॅफल (तेल सरकू न देणारे आडपडदे) बसवा.

पुढच्या वेळी तेल काढताना थोडा नमुना प्रयोगशाळेत द्या. अहवालात १०० अंशांवरचा दाटपणा, इंधनाचं प्रमाण आणि शिसं, तांबं, लोखंड हे तीन धातू पाहा. तेल आपल्या ग्रेडच्या पट्ट्यात राहिलं असेल आणि धातू वाढले नसतील, तर तोच डबा पुन्हा घ्या.