पेंगोमध्ये तीन डायमंड एका ओळीत कसे लावायचे

पेंगो या जुन्या व्हिडिओ गेमबद्दल कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो, बर्फ ढकला, स्नो-बी म्हणजे मागे लागणारे शत्रू चिरडा, पटापट राउंड संपवा, आणि डायमंडचं, म्हणजे एका ओळीत लावले की बोनस देणाऱ्या तीन खास ब्लॉकचं काय विचारलं की म्हणतात जुळले तर जुळले. आपोआप कधीच जुळत नाहीत. मी कितीतरी महिने रोज रात्री जेवण झाल्यावर हा गेम खेळलोय आणि सुरुवातीला हाच सल्ला ऐकून खेळायचो, त्या सगळ्या काळात डायमंडचा बोनस मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा मिळाला. आता बहुतेक राउंडमध्ये मिळतो. फरक फक्त एका गोष्टीचा आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

गेम चालू आहे, बटणं सेट केलीत असं धरतो. जॉयस्टिक असेल तर फोर-वेवर (फक्त वर, खाली, डावी, उजवी) ठेवा, तिरकी दिशा लागली की पेंग्विन भलतीकडे वळतो.

नियम थोडक्यात. पेंगो सेगाचा, १९८२ चा, बनवला कोरलँडने. लाल पेंग्विन आपण, बोर्ड १३ आडवे आणि १५ उभे घर, त्यात बर्फाच्या ब्लॉकचा चक्रव्यूह. ब्लॉकला ढकललं की तो घसरत जातो आणि भिंत किंवा दुसरा ब्लॉक लागेपर्यंत थांबत नाही, वाटेत स्नो-बी आली तर तिला रेटत नेऊन चिरडतो. एक चिरडली तर ४००, एकाच ब्लॉकखाली दोन सापडल्या तर १,६००. ब्लॉकच्या मागे जागाच नसेल तर तो ढकलला जात नाही, फुटतो. डायमंड मात्र कधीच फुटत नाही, मागे जागा नसली तर नुसता उभा राहतो. असे तीन डायमंड प्रत्येक राउंडमध्ये असतात आणि ते आडवे किंवा उभे एकमेकांना चिकटून लागले की बोनस, ओळ भिंतीला टेकलेली असेल तर ५,०००, कुठेही टेकत नसेल तर १०,०००.

आता वेळेचा बोनस बघा. २० सेकंदांच्या आत राउंड संपवला तर ५,०००, ३० च्या आत २,०००, मग घसरत घसरत मिनिटभरानंतर शून्य. म्हणजे जिवाच्या आकांताने पळून जास्तीत जास्त ५,००० मिळणार आणि डोकं शांत ठेवून १०,०००. तरी लोक "फास्ट खेळ, फास्ट खेळ" का सांगतात मला कळत नाही. स्कोअर हवा असेल तर घड्याळ विसरा.

राउंड सुरू होताना काही ब्लॉक लुकलुकतात. त्यात स्नो-बीची अंडी आहेत. ते कुठे आहेत ते बघून ठेवा, का ते पुढे येतं.

आता मुख्य गोष्ट. माझं घोडं कुठे अडायचं ते सांगतो. राउंड सुरू झाला की मी जवळचा डायमंड दिसला रे दिसला की ढकलायचो. तो घसरत जाऊन भिंतीला लागायचा. मग दुसऱ्याकडे, तोही कुठल्यातरी भिंतीला. मग तिसरा. आणि मग बोर्डभर धावपळ, तीन डायमंड तीन भिंतींना, मागे स्नो-बी, आणि काहीच जुळायचं नाही. मला वाटायचं आपला हात हळू पडतोय. एका रविवारी भाचीची चौकटीची वही घेतली, त्यावर तेराबाय पंधराचा चौकोन आखला, तीन चिंचोके ठेवले डायमंड म्हणून आणि खडूचे तुकडे बर्फ म्हणून. भाची शेजारी बसली होती, तिने एक चिंचोका डाव्या कडेला नेऊन ठेवला आणि विचारलं, मामा, आता हा परत मधे कसा आणायचा? मी पेन्सिलने पेंग्विन कुठे उभा करायचा ते शोधायला लागलो. त्याला उजवीकडे ढकलायचं तर मला त्याच्या डाव्या बाजूला उभं राहायला पाहिजे, आणि तिथे भिंत आहे. जागाच नाही. म्हणजे भिंतीला टेकलेला डायमंड कधीच मधे येत नाही, फक्त त्याच भिंतीलगत वर-खाली सरकतो. कोपऱ्यात गेला तर तेवढाही सरकत नाही, तो तिथेच संपला.

हे एवढं साधं आहे पण माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. एक जरी डायमंड भिंतीला लागला की त्या राउंडचे १०,००० गेले, आता फार तर ५,०००. एक डाव्या भिंतीला आणि एक उजव्या भिंतीला लागला तर तेही गेले, कारण मधे ११ घरं आहेत आणि ते दोघे एका ओळीत शेजारी येऊच शकत नाहीत. वरच्या-खालच्या भिंतींचंही तेच. मग त्या राउंडमध्ये डायमंडच्या मागे लागू नका, सरळ स्नो-बी मारा आणि पुढे चला. मी कित्येक जीव अशा राउंडमध्ये घालवलेत जिथे बोनस पहिल्या पाच सेकंदांतच अशक्य होऊन बसला होता.

म्हणून पहिला नियम: राउंड सुरू झाल्यावर डायमंडला हात लावू नका. तिघांपैकी सगळ्यात मधे, भिंतींपासून लांब कोण आहे ते बघा. तो तुमचा खुंटा. खुंट्याला शेवटपर्यंत हलवायचं नाही, चुकूनही नाही, स्नो-बी मारायला सुद्धा नाही. बाकीचे दोघे त्याच्याकडे आणायचे. आणि इथे कॅरम डोक्यातून काढून टाका, घसरत आलेला डायमंड खुंट्यावर आदळला तरी खुंटा तसूभर सरकत नाही, आलेला तिथेच चिकटून थांबतो. म्हणजे खुंट्याच्या रांगेत दुसरा डायमंड आला की अर्धं काम झालं, पलीकडून ढकलायचा, तो आपोआप शेजारी जाऊन बसतो.

मग खरा प्रश्न एकच, दुसऱ्याला त्या रांगेत थांबवायचं कसं? तो तर अडेपर्यंत थांबत नाही. म्हणून त्याला अडसर लागतो, बर्फाचा एक ब्लॉक, नेमक्या घरात.

उदाहरण घेऊ. घरं डावीकडून १ ते १३ आणि वरून १ ते १५ मोजा. खुंटा आहे सहाव्या उभ्या रांगेत, आडवी रांग आठवी. दुसरा डायमंड दहाव्या उभ्या रांगेत, पण वर, चौथ्या आडव्या रांगेत. त्याला खाली ढकलून आठव्या रांगेत थांबवायचाय. तर दहाव्या उभ्या रांगेतच, नवव्या आडव्या रांगेत बर्फ पाहिजे आणि त्याच्या वरची पाचवी ते आठवी घरं मोकळी पाहिजेत. असं असेल तर डायमंडच्या डोक्यावर उभे राहा, खाली ढकला, तो बर्फावर येऊन बसतो. मग त्याच्या उजवीकडे जा, डावीकडे ढकला, खुंट्याच्या शेजारी. तिसरा समजा तिसऱ्या उभ्या रांगेत, खाली बाराव्या आडव्या रांगेत आहे. त्याला वर ढकलायचाय, म्हणून अडसर सातव्या आडव्या रांगेत हवा. तो आठव्यात थांबला की डाव्या बाजूने उजवीकडे ढकला. चिकटला. १०,०००. तीन डायमंड जुळवायला एकूण चार ढकलण्या लागल्या, बाकी सगळा वेळ वाट साफ करण्यात आणि स्नो-बी चुकवण्यात जातो.

वाट साफ करताना लोक जी चूक करतात ती मीही पुष्कळ केलीये. समजा त्या दहाव्या उभ्या रांगेत, सहाव्या घरात एक फालतू बर्फ मधे आहे. तुम्ही वरून येताय म्हणून तो सरळ खाली ढकलता. तो जातो आणि तुमच्या अडसरावर, म्हणजे नेमका आठव्या घरात जाऊन बसतो, जिथे डायमंडला बसायचं होतं! आता डायमंड सातव्यात थांबणार आणि सगळं एका घराने चुकणार. वाटेतला बर्फ नेहमी आडवा काढायचा, बाजूने जाऊन, रांगेच्या बाहेर. वाटेच्या दिशेने कधीच ढकलायचा नाही.

पण हीच चूक मुद्दाम केली तर उपयोगी पडते. अडसर नवव्या घरात नसून दहाव्यात आहे, म्हणजे डायमंड एक घर खाली जाऊन थांबणार. मग डायमंडच्या खाली, त्याच रांगेत एखादा बर्फ आहे का बघा, असेल तर दोघांच्या मधे उभे राहून आधी तो खाली पाठवा. तो नवव्यात बसतो. आता त्याच्यावर डायमंड. विटेवर वीट. दोन घरांचा फरक असेल तर दोन बर्फ, पण दोनच्या वर जाऊ नका, तेवढ्या वेळात स्नो-बी गळ्यात पडते. उलट अडसर एक घर वर, म्हणजे आठव्यात असेल आणि त्याच्या खाली नवव्यातही बर्फ असेल तर वरून एकदा दाबा, मागे जागा नाही म्हणून तो फुटतो आणि नववा आपला अडसर. नवव्यात बर्फ नसेल तर मात्र दाबू नका, तो घसरून निघून जाईल, मग अडसर शोधत बसा.

हे सगळं कधी करायचं? सुरुवातीलाच, बोर्ड बर्फाने भरलेला असताना. "आधी सगळी साफसफाई करा, मग निवांत डायमंड लावा" असं सांगणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. बर्फ कमी झाला की अडसर कमी होतात आणि मोकळ्या बोर्डवर जे ढकलाल ते भिंतीलाच जातं. त्यात स्नो-बी पण बर्फ फोडत फोडत तुमच्या मागे येतात, दर सेकंदाला तुमचा माल कमी होतोय. अडसर ठरला की लगेच वापरा, "आधी ही एक स्नो-बी मारून येतो" म्हणून गेलात तर परत येईपर्यंत तो खाल्लेला असतो.

आता त्या लुकलुकणाऱ्या ब्लॉककडे या. अंड्याचा ब्लॉक अडसर म्हणून धरू नका. एक स्नो-बी मेली की कुठल्यातरी अंड्यातून दुसरी बाहेर येते आणि तो ब्लॉक गायब. माझा एकदा तिसरा डायमंड घसरत येत असताना अडसर फुटून त्यातून स्नो-बी निघाली, डायमंड थेट वरच्या भिंतीला. त्या दिवसापासून सुरुवातीचं ते लुकलुकणं मी पापणी न हलवता बघतो. आणि सगळीच अंडी फोडत सुटू नका, एका अंड्याचे ५०० मिळतात खरे, पण सगळ्या स्नो-बी संपल्या की राउंड संपतो, डायमंड जुळलेले असोत वा नसोत. शेवटची एक उरली तर ती थोड्या वेळाने कोपऱ्याकडे पळून नाहीशी होते आणि तसाही राउंड संपतो. म्हणून काम होईपर्यंत बोर्डवर निदान दोन तरी जिवंत ठेवा.

मागे लागल्याच तर भिंतीशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बटण दाबा, भिंत हलते आणि तिला चिकटलेल्या स्नो-बी थोडा वेळ सुन्न होतात. त्यांच्यावरून चालत गेलात तर प्रत्येकी १०० मिळतात, पण डायमंड अर्धवट असतील तर त्यांच्यावरून जाऊ नका, तो वेळ अडसराकडे जायला वापरा.

तिसऱ्या डायमंडबद्दल अजून एक. ओळ आडवी की उभी हे आधी ठरवून बसू नका. दुसरा डायमंड खुंट्याच्या ज्या बाजूला चिकटेल त्यावरून ओळ ठरते, वर किंवा खाली चिकटला तर उभी, बाजूला चिकटला तर आडवी. म्हणून दुसरा ढकलण्याआधी तिसरा कुठे आहे ते बघा आणि ज्या दिशेला तिसऱ्यासाठी अडसर सोपा मिळतोय ती ओळ निवडा. मी आधी उलटं करायचो, दुसरा पटकन चिकटवायचो आणि मग तिसऱ्यासाठी जागाच नसायची. तिसरा ओळीच्या कुठल्याही टोकाला चालतो, दोन्ही टोकं बघा, आणि ते टोक भिंतीला लागत नाही ना हेही बघा, नाहीतर १०,००० चे ५,००० होतात.

५,००० वर समाधान मानायचं असेल, म्हणजे एक डायमंड आधीच भिंतीला गेला असेल, तर काम सोपं आहे. बाकीचे दोघे त्याच भिंतीला पाठवा आणि भिंतीलगत सरकवत एकत्र आणा, भिंत फुकटचा अडसर. एक डाव्या आणि एक वरच्या भिंतीला असेल तर दोघांनाही वरच्या डाव्या कोपऱ्याकडे ढकला, एक कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी, मग तिसरा त्याच कडेने. फक्त कोपऱ्यात कोण आधी जातो त्याने ओळ ठरते, डावीकडचा आधी गेला तर ओळ वरच्या भिंतीने, वरचा आधी गेला तर डाव्या भिंतीने. तिसऱ्याला जी भिंत जवळ तिच्याप्रमाणे ठरवा.

तिन्ही चिकटले की गेम क्षणभर थांबल्यासारखा होतो, पॉइंट मिळतात आणि बोर्डवरच्या सगळ्या स्नो-बी एकदम सुन्न पडतात. इथे उभं राहून स्कोअर बघत बसू नका. जवळची आहे तिच्यावरून लगेच पळत जा, मग पुढची, जेवढ्या होतील तेवढ्या, त्या जागच्या हलायला लागायच्या आत. उरलेल्यांना आता मनसोक्त बर्फाखाली घ्या, डायमंडने चिरडल्या तरी चालेल.