बांधावर गिरिपुष्प लावा, युरियाची गोणी वाचवा

कोरडवाहू शेतात झाडासाठी जागा सोडणं जिवावर येतं. पण बांध तर मोकळाच असतो! तिथे गिरिपुष्प लावा. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात. हे शेंगवर्गीय झाड मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र धरून ठेवतं, आणि सुकलेल्या पाल्यात अडीच-तीन टक्के नत्र असतं.

पहिला चांगला पाऊस झाला की अंगठ्यापेक्षा जाड, पक्क्या फांदीची तीन-चार फुटी छाटं अर्धा-अर्धा मीटर अंतरावर खोचा. बियांपासून रोपं केलीत तर आणखी उत्तम. त्यांची मुळं खोल जातात, उन्हाळा सोसतात. उग्र वासामुळे मोकाट जनावरं सहसा तोंड लावत नाहीत.

पहिलं वर्ष कोयता अजिबात लावू नका, मुळं धरू द्या. नंतर झाड कमरेएवढं ठेवून वर्षातून दोन-तीनदा छाटा. पेरणीआधीची छाटणी चुकवू नका, नाहीतर कोवळ्या पिकावर सावली पडते. कोवळा पाला मातीत गाडा किंवा तूर-कपाशीच्या ओळींत पसरा. तो लवकर कुजतो, ओलही टिकते. जाड फांद्या चुलीला होतात.