ड्वार्फ सिक्लिडसोबत कोणते मासे ठेवाल? या चुका टाळा

दुकानातल्या टाकीत चाळीसेक रॅम (ड्वार्फ सिक्लिडपैकीच एक मासा) गुण्यागोविंदाने पोहत असतात आणि घरी आणलेल्या दोघांपैकी एक जण आठवड्याभरात दुसऱ्याला हिटरमागे कोंडून टाकतो. पुण्यातल्या बहुतेक हौशी लोकांना हा अनुभव येतो आणि ते दुकानदाराला दोष देतात. दुकानातली टाकी मोकळी असते. तळाला वाळू नाही, दगड नाही, झाड नाही, आणि गर्दी इतकी की कुणालाच स्वतःची हद्द आखता येत नाही. घरी त्याच माशाला दगड मिळतो, कोपरा मिळतो, मग तो राखण करायला लागतो. त्यामुळे दुकानात मासा शांत दिसला यावरून सोबती ठरवू नका.

ड्वार्फ सिक्लिड म्हणजे सिक्लिड कुळातले साधारण ५ ते १० सेंटीमीटरचे छोटे मासे. आपल्याकडे सहज मिळतात ते ब्लू रॅम, इलेक्ट्रिक ब्लू रॅम, बोलिव्हियन रॅम, कॅकाटुऑइडिस आणि अगासिझी हे अपिस्टोग्रामा (थोडक्यात अपिस्टो), आणि पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस. उजनीची चिलापी याच कुळातली. अंग छोटं असलं तरी कुळाची सवय तीच: जागा धरायची, अंडी घालायची आणि जवळ येणाऱ्याला हाकलायचं. म्हणून सोबती निवडताना रंग आणि किंमत नंतर बघा. आधी दोनच गोष्टी तपासा. त्याला हेच पाणी मानवतं का, आणि तो टाकीच्या कोणत्या थरात राहतो?

तापमान न बघता जोडी लावणं

ब्लू रॅमसोबत निऑन टेट्रा ही पुण्यात सगळ्यात जास्त विकली जाणारी आणि सगळ्यात चुकीची जोडी आहे. रॅम मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांतला. तिथलं पाणी उथळ आणि उबदार असतं, त्यामुळे त्याला २७ ते ३० अंश लागतात. निऑनला २२ ते २५ बरं वाटतं. दोघांना २८ वर ठेवलं तर निऑन काही महिन्यांत खंगतात आणि २४ वर ठेवलं तर रॅम खाणं सोडतो, अंगावर पांढरे ठिपके येतात.

निऑनसारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा मात्र रॅमच्या उबदार पाण्यात मजेत राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, कार्डिनलचा डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत जातो. रमीनोज टेट्राही चालतो. तळाला कोरी (वाळू चाचपत फिरणारा छोटा मासा) हवीच असेल तर स्टर्बाय कोरी २८ अंश सहन करते, पेपर्ड कोरी करत नाही.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि घरातल्या टाकीचं पाणीही बरंच गार पडतं. रॅम ठेवायचा तर हिटर आणि थर्मामीटर दोन्ही घ्या. हिटरच्या डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो अनेकदा दोन अंशांनी चुकतो. निऑन आणि पेपर्ड कोरीच ठेवायच्या असतील तर ब्लू रॅमऐवजी बोलिव्हियन रॅम किंवा बोरेलाय अपिस्टो निवडा. हे २३ ते २५ अंशांत खूश असतात. नवख्या माणसाला मी नेहमी बोलिव्हियनच सुचवते. रंगाने तो साधा असतो, पण काटक असतो आणि सोबत्यांच्या बाबतीत बराच समजूतदार.

कुठलं पाणी येतं, हे माहीत नसणं

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं नळाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं, क्लोरीन काढून टाकलं की या माशांना चालतं. पण अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकरमध्ये बहुधा बोअरचं जड पाणी असतं. बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरे क्षार धरत असतील तर तुमचं पाणी जड आहे असं समजा. फार्मवर वाढलेले रॅम मध्यम जड पाण्यात तगतात, पण अशा पाण्यात अंडी नीट फुटत नाहीत. अचानक बदल तर त्यांना अजिबात सोसत नाही. टँकरच्या दिवसांत एका वेळी थोडंच पाणी बदला आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर जवळ ठेवा.

इथूनच दुसरी चूक होते. मलावी तलावातले पिवळे-निळे सिक्लिड 'हेही सिक्लिडच' म्हणून रॅमच्या टाकीत सोडले जातात. त्यांना जड पाणी आणि ७.८ च्या वरचा पीएच लागतो, शिवाय ते अंगाने आणि स्वभावाने दांडगे असतात. रॅम त्यांच्यासमोर टिकत नाही. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले शोभेसाठी टाकणंही टाळा, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात.

तळाची जागा वाटून न देणं

निम्मी भांडणं इथे सुरू होतात. ड्वार्फ सिक्लिड तळाशी आणि तळाच्या थोडं वर राहतात. २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं आणि तळ दोन चौरस फुटांचा. एवढ्या जागेत रॅमची किंवा अपिस्टोची एकच जोडी राहू शकते. तिथे सकर, लोच, कोरी असे तळाचे आणखी मासे कोंबले की कुणालाच मागे सरायला जागा उरत नाही. उंच टाकी घेऊन काही साधत नाही, कारण भांडण लांबी-रुंदीवरून असतं. ३६ × १८ इंचांचा तळ मिळाला तर चित्र पुष्कळ बदलतं.

कोरीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण 'कोरी शांत असते, काही होत नाही' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकू येईल. कोरीला हद्द ही गोष्टच कळत नाही. ती मिशांनी वाळू चाचपत जाते, आणि रात्री अंधारात अंड्यांपर्यंत पोहोचली तर ती खाते. सिक्लिड चावायला येतो. इतर मासे चावा बसताच पळतात, कोरी पळत नाही, कारण तिच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. उघडे असतात ते फक्त डोळे. पिल्लांची राखण करणारी क्रिबेन्सिसची जोडी नेमकी तिथेच टोचते. सकाळी एका डोळ्याची कोरी दिसली तर रोग समजून औषध ओतू नका, दगडामागे अंडी किंवा पिल्लं आहेत का ते आधी बघा. क्रिबेन्सिससोबत मी कोरी ठेवूच नका म्हणेन. रॅमसोबत तीन फुटी टाकीत, एका बाजूला मोकळी वाळू सोडून, स्टर्बायचा सहा जणींचा गट ठेवता येतो.

साधा सकर तर नकोच. तो दुकानात बोटाएवढा असतो आणि फुटाच्या पुढे वाढतो. शेवाळ खाण्यासाठी ओटोसिन्क्लस घ्या, पण टाकी जुनी आणि शेवाळ धरलेली असेल तरच.

वरचा थर रिकामा ठेवणं

'सिक्लिड भांडखोर असतात, एकच जोडी बरी' असं म्हणून काही जण सोबत कुणालाच ठेवत नाहीत. मग नराचा सगळा राग मादीवर निघतो. शिवाय वर कुणीच पोहत नसेल तर सिक्लिड बिथरलेले राहतात, दगडामागून बाहेर येत नाहीत. वरच्या आणि मधल्या थरात आठ-दहा कार्डिनल किंवा पेन्सिलफिश निवांत फिरत असतील तर धोका नाही हे त्यांना कळतं आणि ते पुढे येतात. हॅचेटफिशही चांगला, मात्र झाकण घट्ट हवं, तो उडी मारतो.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा मात्र या कामाचे नाहीत, ते पंख कुरतडतात. गप्पीची आणि बेट्टाची लांब शेपटी उलट सिक्लिडच्या तोंडी लागते. एंजल लहान असतो तोवर जमतं, पण त्याची जोडी लागली की अर्धी टाकी तो बळकावतो. चेरी श्रिम्प सोडलीत तर ती खाद्य म्हणून सोडली असं धरून चाला.

नर-मादी न ओळखता 'जोडी' आणणं

दोन नर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ब्लू रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं, नराच्या पाठीवरच्या पंखाचे पुढचे काटे लांब असतात. इलेक्ट्रिक ब्लू जातीत ही खूण पुसट असते, तेव्हा दुकानात उभं राहून दोन मासे सतत बरोबर फिरताहेत का ते बघा. अपिस्टोच्या बऱ्याच जातींत एका नरासोबत दोन-तीन माद्या राहतात, पण प्रत्येकीला वेगळी गुहा लागते. नारळाची करवंटी उकळून, खोबरं पूर्ण खरवडून, मादीपुरतं भोक पाडून उलटी ठेवली की झाली गुहा. देशी बदामाची वाळलेली, न फवारलेली पानं धुऊन तळाला पसरलीत तर लपायलाही जागा होते.

अंडी घातलेली अपिस्टोची मादी जरूर बघा. करडी, दुर्लक्षित वाटणारी ती एका दिवसात पिवळीजर्द होते, अंगावर काळे ठिपके उठतात, आणि तिच्या दुप्पट अंगाचा नर जवळ आला तरी ती त्याला पिटाळते. पिल्लं पोहायला लागली की ती शरीराला झटका देते आणि सगळी पिल्लं एकदम तळाला चिकटतात. छोट्या टाकीत या दिवसांत मार खाणारा बहुधा नर असतो, हे विसरू नका.

भांडण सुरू झालं तर

काचेजवळ जाऊन बघू नका, मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि खरं काही दिसत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून दहा मिनिटं बघा. वीतभर पाठलाग करून मासा आपल्या जागी परतत असेल तर ती रोजची हद्दीची कुरबुर आहे, सोडून द्या. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिच्छा पुरवत असेल, किंवा एखादा मासा वरच्या कोपऱ्यात पंख मिटून थांबत असेल, खायलाही येत नसेल, तर त्याच दिवशी हालचाल करा. दुबळ्या माशाला जाळीच्या पार्टिशनपलीकडे किंवा वेगळ्या टाकीत हलवा. मग दगड-लाकडांची मांडणी पूर्ण बदला आणि मध्ये झाडांची दाट रांग उभी करा, म्हणजे या टोकाचं त्या टोकाला दिसणार नाही. हद्दी मोडल्या की सगळे नव्याने सुरुवात करतात. म्हणूनच नवीन टाकीत आधी टेट्रा सोडावेत आणि सिक्लिड सगळ्यात शेवटी. दोघांनाही त्याआधी तीन-चार आठवडे वेगळं ठेवलेलं असावं.

रॅम काळवंडलाय आणि भराभर श्वास घेतोय, पण कुणी मारताना दिसत नाही? मग सोबत्यांना दोष न देता पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवं. चार-सहा आठवडे चालून फिल्टर मुरलेला, म्हणजे त्यात उपयोगी जीवाणू वाढलेले नसतील तर रॅम सगळ्यात आधी दगावतो.

सोबत जमतच नसेल तर दुकानदाराशी बोला, बरेच जण मासा परत घेतात किंवा बदलून देतात. हौशी मित्राला द्या. पण पाषाण तलावात किंवा मुठेत सोडू नका. परक्या चिलापीने उजनीत कसं बस्तान बसवलं ते आपण बघतोच आहोत, आणि टाकीतल्या माशाबरोबर त्याचे रोगही नदीत उतरतात.