आयसोलेशन रूम ताब्यात घेण्याआधी

इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहितेय. हात धुण्याच्या पायऱ्या, पीपीई काढायचा क्रम, कचऱ्याच्या रंगीत पिशव्या हे तुम्हाला येतंच, असं धरून चालते.

माझं घोडं अडलं ते आयसोलेशन रूमपाशी, म्हणजे संसर्गजन्य पेशंटला वेगळं ठेवायच्या खोलीपाशी. दारावर पाटी होती, फाईलमध्ये नोंद होती, आत नवाकोरा स्प्लिट एसी होता. घोळ तिथेच होता. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. गोवर, कांजिण्या, फुफ्फुसाचा टीबी यांचे जंतू अशा बंद खोलीत साठत जातात आणि दार उघडलं की पॅसेजमध्ये येतात. जुनी ओटी (ऑपरेशन थिएटर) आयसोलेशनला दिली असेल तर त्याहून वाईट, कारण ओटीत हवेचा दाब मुद्दाम बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात. आपल्याला नेमकं उलटं हवं: हवा पॅसेजमधून खोलीत यावी आणि खोलीतून थेट इमारतीबाहेर जावी.

तपासणी सोपी आहे. दार लावा, खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. आत ओढली गेली तर ठीक. बाहेर फडफडली किंवा ढिम्म राहिली तर तिथे गोवराचा पेशंट घेऊ नका, कोणी कितीही दटावलं तरी.

बाहेरच्या भिंतीत, पेशंटच्या डोक्याकडे एक्झॉस्ट बसवून घ्या. त्याचं तोंड दुसऱ्या वॉर्डाच्या खिडकीकडे नको. तासाला १२ वेळा हवा बदलायला हवी. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट, म्हणजे मिनिटाला २४० घनफूट हवा बाहेर पडली पाहिजे. जाळीत धूळ बसली की पंखा तेवढी खेचत नाही. पेशंट हलवल्यावरही खोली ३५ मिनिटं रिकामी राहू द्या. त्याआधी सफाईच्या मावशींना आत पाठवायचं असेल तर एन-९५ लावूनच.

यातलं बरंच मला मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनकाकांनी शिकवलं. दोन तासांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटांवर माझा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात डीनसाहेबांना भेटण्याआधी या काकांना गाठा.

लॅबच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नका. मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोडला निपाह विषाणू पसरला तेव्हा बहुतेकांना लागण रुग्णालयांतच झाली. पहिला पेशंट दगावला तोवर आजाराचं नावही कळलं नव्हतं. शुश्रूषा करणारी लिनी पुतुश्शेरी ही नर्स त्यात गेली. म्हणून ताप आणि खोकला किंवा ताप आणि पुरळ दिसलं की कॅज्युअल्टीच्या दारातच मास्क द्या आणि वेगळं बसवा.

सुरुवातीला तुमचं कोणी ऐकणार नाही. माझंही ऐकत नव्हते, फार एकटं वाटायचं. पण हळूहळू ऐकतात, खरंच. खोलीत पेशंट असेल तोवर टिश्यूची तपासणी रोज करा, रजिस्टरमध्ये वेळ घालून सही करा आणि पट्टी हलली नाही तर त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.